गाण्याखाली नाव लिहा

टोक्योत निशी-कासाईला मी चार वर्षं राहिले. पुण्यात जपानी शिकले, मग एका कंपनीच्या ट्रान्सलेशनच्या कामावर तिकडे गेले. तिकडे दर डिसेंबरला ऑफिसची बोनेनकाई असते, म्हणजे वर्ष सरताना सगळ्यांनी मिळून खायचं-प्यायचं आणि मग रात्री कराओकेच्या खोलीत जाऊन बसायचं. पहिल्याच वर्षी आमच्या अकाउंट्सच्या एक बाई, रिटायरमेंटला आलेल्या, एरवी कामापुरतंच बोलणाऱ्या, त्यांनी मशीनवर एक गाणं लावलं आणि खोलीतले पन्नाशीच्या पुढचे सगळेच्या सगळे टाळ्या वाजवायला लागले. स्क्रीनवर आधी गाण्याचं नाव आलं, वान्साका मुसुमे, आणि त्याखाली दोन ओळी, शब्द कोबायाशी आसेई, संगीत कोबायाशी आसेई. मग गाणं सुरू. वसंतात ड्राइव्हवेवर, उन्हाळ्यात पूलच्या काठावर, शरदात टेनिस कोर्टवर, थंडीत रोपवेमध्ये, जिकडे बघावं तिकडे नटलेल्या मुलींचे थवेच्या थवे. मी शेजारच्याला विचारलं, कुठल्या पिक्चरमधलं आहे हो? तो म्हणाला पिक्चरमधलं नाही, कपड्यांच्या जाहिरातीतलं आहे, रेनाऊनचं.

मला त्या क्षणी माझी मावशी आठवली.

मावशी आकाशवाणीची बी-हाय ग्रेडची गायिका. नव्वदच्या आसपास आमच्या गावातल्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानासाठी तिने जिंगल गायली होती (दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ती माणसं वाईट नाहीत, तेव्हाची पद्धतच तशी होती). एका दुपारी रेकॉर्डिंग झालं, पाचशे रुपये आणि एक साडी मिळाली, आणि ती जिंगल पुढची पंधरा वर्षं वाजत राहिली, थेटरात इंटरव्हलला, लोकल केबलवर, गणपतीत मांडवाच्या स्पीकरवर, एसटी स्टँडच्या भोंग्यावर. गावातल्या पोराटोरांना पाठ होती. पण ती कोणी गायली हे कोणाला माहीत नव्हतं. मी शाळेत सांगायचे की अगं हा माझ्या मावशीचा आवाज आहे, तर मुली म्हणायच्या काहीही सांगतेस. मी दाखवणार काय? कुठे लिहिलेलंच नव्हतं. चाल ज्यांनी लावली ते पेटीवाले सर तर गेले पण, त्यांच्या श्रद्धांजलीच्या बातमीत त्यांच्या शिष्यांची नावं होती, दोन नाटकांची नावं होती, आणि अख्ख्या गावाच्या तोंडात बसलेली जी चाल, तिचा उल्लेख नव्हता.

तर मला जे म्हणायचंय ते सरळ सांगते. आपल्याकडे गाणं जाहिरातीत गेलं की लोक म्हणतात गाण्याचा बाजार मांडला, गाणं बाटलं. मला हे पटत नाही. साडी विकायला, शर्ट विकायला गाणं वापरलं म्हणून त्या गाण्याचं काही बिघडत नाही, चांगलं असेल तर ते चांगलंच राहतं. बिघडतं ते त्याच्या मागच्या माणसाला गाळल्यामुळे. आणि जपानच्या कपड्यांच्या जाहिराती बघितल्या की कळतं, नाव लिहायला, पैसे द्यायला काही फार मोठी क्रांती लागत नाही, ठरवावं लागतं इतकंच.

आता या रेनाऊनची गोष्ट बघा. १९०२ साली ओसाकात सुरू झालेली कापडाची पेढी. १९२२ ला इंग्लंडचा युवराज जपानच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्याच्यासोबत रेनाऊन नावाची ब्रिटिश युद्धनौका होती, तिच्यावरून यांनी ब्रँडचं नाव घेतलं. १९६१ ला टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी गाणं करून घ्यायचं ठरलं आणि ते काम मिळालं तिशी न गाठलेल्या कोबायाशी आसेईला. टीव्हीवर जाहिराती सुरू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, १९५३ च्या ऑगस्टमध्ये पहिली जाहिरात दाखवली गेली, घड्याळाची. त्याच्याही आधी १९५१ ला खाजगी रेडिओ आला तेव्हा मिकी तोरिरो या संगीतकाराने एका कॅमेरा-फिल्मच्या कंपनीसाठी गाणं केलं, ते जपानचं पहिलं जाहिरातीचं गाणं मानतात, आणि ते त्यांच्या नावासकट मानतात. म्हणजे सुरुवातीपासूनच हे काम कोणाचं तरी आहे हे धरून चाललेत लोक.

वान्साका म्हणजे रग्गड, झुंडीनं. मुसुमे म्हणजे मुली. शब्द ऐकायला हलकेफुलके, पण १९६१ चा जपान डोळ्यासमोर आणा, युद्ध संपून सोळाच वर्षं झालेली, स्वतःची गाडी असणं, टेनिस खेळणं, रोपवेत बसून डोंगरावर जाणं हे बहुतेकांच्या घरात नव्हतंच. गाण्यात जे चाललंय ते लोकांना हवं होतं, आणि स्वेटर-ब्लाऊज ही त्यातली परवडणारी पहिली पायरी होती. आमच्या अकाउंट्सच्या बाई मला नंतर स्टेशनपर्यंत चालताना म्हणाल्या की आमच्याकडे रेनाऊनचं काही नव्हतं, आईने विणलेलं घालायचो, पण गाणं म्हणताना वाटायचं आपण त्याच मुलींमधल्या आहोत. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मी काही बोलू शकले नाही. ज्या गाण्याने कपडा न घेता पण एखादीला पन्नास वर्षं पुरेल असं काहीतरी दिलं त्याला निव्वळ जाहिरात म्हणून बाजूला कसं सारायचं?

हेच गाणं पुढे वेगवेगळ्या गायिकांनी गायलं, फ्रान्सच्या सिल्वी वार्तानने पण गायलं. १९६७ ला त्याच कंपनीची येये नावाची जाहिरात आली, निटवेअरची, रंगीत, भराभर बदलणारी चित्रं, गाणं परत कोबायाशींचंच. आणि मग २०२०, कोरोनाचं पहिलं वर्ष, मे महिन्यात रेनाऊन कर्जात बुडाली, ब्रँड विकले गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कोबायाशी आसेई गेले, ८८ वर्षांचे होते. कंपनी नाही, माणूस नाही, पण कराओकेत कोणी ते गाणं लावलं की स्क्रीनवर नाव येतं आणि कराओकेतल्या वापराचा हिशोब जासराक या संस्थेकडे जातो, जी १९३९ पासून गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळते.

जासराकची अजून एक गोष्ट मला फार आवडते. रेडिओवर गाणं वाजलं, हॉटेलात वाजलं तर त्याचे दर ठरलेले आहेत. पण जाहिरातीत गाणं वापरायचं तर दरपत्रक नाही. ज्याच्याकडे हक्क आहे तो स्वतः आकडा सांगतो, याला साशिने म्हणतात, म्हणजे आपण भाव सांगणं. पटलं तर घ्या नाही तर दुसरं गाणं बघा. यामागे समज अशी आहे की गाणं जाहिरातीत गेलं की त्याचा चेहरा बदलतो, मग तो बदलू द्यायचा की नाही आणि किती मोबदल्यात, हे त्यानेच ठरवावं. मावशीला पाचशे रुपये कोणी ठरवले? दुकानदाराने. तिने विचारलं पण नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाहीये, तिकडे राहून जे खटकलं ते पण सांगायला हवं. सत्तरच्या दशकात मेकअपच्या दोन कंपन्या, शिसेइदो आणि कानेबो, यांच्यात दर सीझनला गाण्यांची चढाओढ लागायची, १९७८ ला तर यांच्यासाठी केलेली गाणी जपानभर गाजली, त्या उन्हाळ्यात शिसेइदोकडून याझावा एइकिची आणि कानेबोकडून सर्कस नावाचा ग्रुप. तिथून ही टायअपची पद्धत पक्की झाली. गायकाचं नवं गाणं आणि कंपनीचा नवा माल एकाच दिवसांत बाजारात, दोघांचं भलं. पण यात झालं काय की जपानी टीव्हीवरची जाहिरात बहुतेक वेळा पंधरा सेकंदांची असते. पंधरा सेकंदांत काय बसतं? साबी, म्हणजे गाण्याचा तो चढता, पकड घेणारा भाग, जो आपण धृपद म्हणून गुणगुणतो. मग साबी आधी बनवायची, ती पंधरा सेकंदांत पुरी झाली पाहिजे, आणि कंपनीने ओके म्हटलं की मग आगेमागे बाकीचं गाणं शिवायचं, ही सवयच लागली. नव्वदच्या दशकातली बरीच जपानी गाणी ऐका, साबी झगझगीत आणि मधलं सगळं नुसतं भरलेलं वाटतं. शिंप्याने कॉलर सुरेख बसवावी आणि पाठ तशीच सोडावी तसं. हे नुकसान खरं आहे आणि टायअपच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते मान्य केलं पाहिजे.

दुसरं नुकसान गायकाच्या ओळखीचं. आल्पेन नावाची नागोयाची कंपनी आहे, स्कीचे कपडे आणि खेळाचं सामान विकणारी. नव्वदच्या सुरुवातीला जपानमध्ये स्कीचं वेड अगदी टिपेला होतं, शुक्रवारी रात्री ऑफिसातून थेट बसमध्ये बसून लोक डोंगरावर जायचे. १९९३ च्या डिसेंबरमध्ये आल्पेनच्या जाहिरातीबरोबर हिरोसे कोमीचं रोमान्सु नो कामिसामा आलं आणि सतरा लाखांच्या आसपास खपलं. आता गंमत अशी की त्या गाण्यात बर्फ नाहीच. स्की नाही, डोंगर नाही, थंडी पण नाही. एक नोकरी करणारी मुलगी आहे, तिला आठवड्यात दोन सुट्ट्या आहेत, ती आज एका पार्टीला चाललीय जिथे मुलं-मुली ओळख करून घ्यायला जमतात, आणि ती मनातल्या मनात समोरच्याचं वय, पत्ता, नोकरी तपासतेय. एवढंच. पण जाहिरातीत बर्फ दिसला म्हणून अख्ख्या देशाने ते हिवाळ्याचं गाणं करून टाकलं. पुढच्या वर्षांत परत आल्पेनसाठी गाणी, परत हिवाळा, आणि बाईंना नाव पडलं हिवाळ्याची राणी. संगीताच्या कॉलेजात रीतसर कम्पोझिशन शिकलेली, स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी बाई, पण लोकांना ती आठवते डिसेंबर लागला की. मी सुपरमार्केटमध्ये थंडीची चाहूल लागली की हे गाणं ऐकायचे आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की हिने जून महिन्यासाठी काही केलं असेल तर ते ऐकणार कोण?

तरी सुद्धा. तरी सुद्धा राणी कोण हे सगळ्यांना माहीत आहे ना, जाहिरातीने तिला एका ऋतूत कोंडलं खरं पण तिचं नाव पुसलं नाही. तीसेक वर्षांनी टिकटॉकवर पोरं त्या गाण्यावर नाचायला लागली तेव्हा त्यांना ते गाणं नावासकट सापडलं आणि हिरोसे कोमी परत चर्चेत आल्या. आमच्या गावची जिंगल उद्या कोणाला सापडली तर तो काय शोधणार?

तिसरं उदाहरण घेते कारण तिथे मी स्वतः अडखळते. जीयू म्हणून युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीचं स्वस्तातलं भावंड आहे, २००९ ला ९९० येनला जीन्स विकून गाजलेलं. २०१२ ला त्यांच्या जाहिरातीत क्यारी पाम्यु पाम्युचं फॅशन मॉन्स्टर हे गाणं आलं, नाकाता यासुताकाने केलेलं. क्यारी मुळात टोक्योतल्या हाराजुकुच्या रस्त्यावरच्या फॅशनमधून आलेली मुलगी, गाण्याच्या आधी कपड्यांसाठी ओळखली जाणारी, त्यामुळे गाणं आणि कपडे हे तिच्या बाबतीत वेगळे काढताच येत नाहीत. पण गाण्याचा अर्थ असा की मला कोणाच्या नियमात बांधून घ्यायचं नाही, मला मोकळं व्हायचंय, आणि ते वाजतंय कुठे तर जिथे लाखो लोकांना एकसारखाच टॉप मिळतो तिथे. हे मला बोचतं. मी बराच विचार केला यावर आणि मला वाटतं बोचू द्यावं, कारण ज्या पोरीकडे हाराजुकुच्या महागड्या दुकानात जायला पैसे नाहीत तिलाही स्वस्तात थोडं वेगळं दिसायचं असतं, आणि ते गाणं तिचंही आहेच. पण बंडखोरी भाड्याने देताना गायकाने दोनदा विचार करावा एवढं मात्र म्हणेन.

याच्या उलट युनिक्लोची १९९९ ची फ्लीसची, म्हणजे मऊ उबदार जाकिटाची जाहिरात. यामाझाकी मासायोशी गिटार घेऊन, अंगात फ्लीस, किंमत १९०० येन, बाकी आरडाओरडा नाही, नाच नाही. युनिक्लो तेव्हा उपनगरातलं, हायवेकडेचं स्वस्त दुकान समजलं जायचं, तिथे घेतलेलं आहे हे लोक सांगायचे नाहीत. एका कसलेल्या गायकाला नीट बसवून, त्याला त्याच्या पद्धतीने वाजवू देऊन त्या कपड्याला पत आली. २००० सालात दोन कोटी साठ लाख फ्लीस विकले गेले. नुसत्या गाण्यामुळे नाही अर्थात, पण गायकाला मान दिल्याने धंदा बुडत नाही हे नक्की.

आणि मुद्द्याची गोष्ट. तिकडच्या जाहिरातीत खालच्या कोपऱ्यात बऱ्याचदा बारीक अक्षरात गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव येतं. दोन-तीन सेकंद. मी सुरुवातीला जपानी वाचायचा सराव म्हणून ते वाचायचे, मग सवयच लागली, नजर आधी कोपऱ्यात जायची. माझ्या फोनमधली निम्मी जपानी गाणी मला अशीच सापडलीत.

आता आपल्याकडे या. रेमंडच्या सुटिंगची ती शांत पियानोची धून आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय, ती शुमान या जर्मन संगीतकाराची १८३८ ची रचना आहे. मला हे वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं, ते सुद्धा टोक्योतल्या एका मैत्रिणीच्या मुलीने पियानो क्लासचा धडा वाजवून दाखवला तेव्हा, मी म्हटलं अगं ही तर आमच्याकडची सुटाची जाहिरात. शुमानला जाऊन दीडशेवर वर्षं झाली, त्याला पैसे द्यायचा प्रश्न नाही. पण इतकी वर्षं घराघरात ती धून वाजते आणि आपल्यातल्या बहुतेकांना ती कोणाची हे माहीत नाही, हे नुकसान त्याचं नाही, आपलं आहे.

लोक म्हणतील कायदा नाही. आहे. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, राज्यसभेत जावेद अख्तर यासाठी बोलले होते, आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांनी कागदावर सोडून दिला तरी जाणार नाही अशी सोय झाली. त्याच वेळी कलम ३८-ब आलं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला हे सादरीकरण माझं आहे असं म्हणायचा, आपली ओळख दिली जावी असं मागायचा हक्क. त्यात एक पळवाट आहे, वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर गाळता येतं. जाहिरातवाले याच पळवाटेत उभे राहणार हे उघड आहे, तीस सेकंदांत नाव कुठे घालू म्हणणार. अहो पण त्याच तीस सेकंदांत "अटी लागू" बसतं, म्युच्युअल फंडवाल्यांचं जोखमीचं अख्खं वाक्य बसतं, कपड्याच्या सेलमध्ये "निवडक मालावर" बसतं. नियम झाला म्हणून जागा झाली. जपानी लोक पंधरा सेकंदांत नाव बसवतात, आपल्याकडे तर बऱ्याचदा दुप्पट वेळ आहे. जाहिरातींची स्वनियमनाची संस्था मुंबईतच आहे, १९८५ पासून, डिस्क्लेमर वाचता यावा म्हणून त्यांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात एक ओळ गाण्याच्या श्रेयाची वाढवायला काय हरकत आहे? रेडिओला कोपरा नसतो हे मान्य, तिथे महिन्यातून एकदा तरी नाव बोलून सांगा. आणि रीलखाली तर लिहायला जागाच जागा आहे.

मागच्या वर्षी भाचीला घेऊन कुर्ल्याच्या फिनिक्समधल्या युनिक्लोत गेले होते, २०२३ ला सुरू झालेलं मुंबईतलं पहिलं. ती जाकीट बघत होती आणि मी तिला हे फ्लीसचं, यामाझाकीचं सगळं सांगत होते, तिने तिथेच फोनवर गाणी काढली, एक इयरफोन मला दिला. नाव माहीत होतं म्हणून सापडलं.

त्या साड्यांच्या दुकानाची आता तिसरी पिढी आलीय. यंदा दिवाळीला त्यांनी जुनी जिंगल साफ करून इन्स्टाग्रामवर रील टाकली, खाली शेकडो लोक, आमचं बालपण, डोळ्यात पाणी आलं वगैरे. मी खाली कमेंट केली, मावशीचं पूर्ण नाव आणि पेटीवाल्या सरांचं पूर्ण नाव, बाकी काही नाही. मावशीला दाखवली तर ती आधी बराच वेळ रील बघत राहिली, स्वतःचा तिशीतला आवाज ऐकत, मग म्हणाली काढून टाक गं ती कमेंट, त्यांना बिचाऱ्यांना वाईट वाटेल. मी काढली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या त्या मुलाचा मेसेज आला, ताई आम्हाला खरंच माहीत नव्हतं, घरात पण कोणाला माहीत नाही, नावाची स्पेलिंग बरोबर आहे ना तेवढं सांगा.